बारा भोकांची पेटी

पेटीच्या झाकणाला बारा भोकं होती आणि प्रत्येकात ज्वारीचा एक दाणा बरोबर बसत असे. केशवनं ते बसवून पाहिलं होतं. बी.एस्सी. झालेला माणूस निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कारकून झाला, की दुपारी त्याला असले प्रयोग सुचतात.

पेटीत टेलिफोन होता. भरमा हमालानं त्यावरून बेळगावच्या मेहुण्याला ‘म्हैस व्याली का’ असं विचारलं आणि दुसऱ्याच दिवशी मालक मारुतीरावांनी सुतार बोलावला. “फोन तंबाखूचा हाय. घरच्या गप्पा घरात.” सुतारानं फोन पेटीच्या तळाला स्क्रूनं आवळला. भोकं घंटा ऐकू येण्यापुरती. वर कुलूप, आणि किल्ली मालकांच्या करदोड्याला.

आज मालक किल्लीसकट बेळगावला गेले होते. आणि आजच दुपारी तिथल्या हायस्कूलचे हेडमास्तर फोन करणार होते. विज्ञान शिक्षकाची जागा होती. तीन महिने केशव ‘विचार करून कळवतो’ असं लिहीत होता. विचार केव्हाच झाला होता. तो मारुतीरावांना सांगायचा राहिला होता. शेवटी हेडमास्तरांनी लिहिलं, शनिवारी फोन करतो, हो म्हणा, नाहीतर दुसरा उमेदवार तयार आहे.

कौलातल्या काचेतून उन्हाचा एक खांब उतरला होता. त्यात तंबाखूची धूळ कुठंच न जाता फिरत होती. बघता बघता केशवला तिच्यापलीकडे फळा दिसला, बर्नरची निळी ज्योत दिसली, ज्योतीभोवती चाळीस मुलं श्वास रोखून उभी राहिली...

पेटी डालग्यातल्या कोंबडीसारखी ओरडू लागली.

“अण्णा, उचल की,” पानं निवडता निवडता रुक्माबाई म्हणाली.

“कुलूप आहे, आक्का.”

“मग कुलपाला सांग, मालक घरात न्हाईत म्हणून.”

केशव उठला. रिसीव्हर नुसता वजनानं बसलेला असतो, हे त्याच्या ध्यानात आलं. “पेटी उघडायची गरजच नाही. उलटी करू. बाकीचं गुरुत्वाकर्षण बघून घेईल.”

“त्यो न्हाय आला तर भरमाला हाक मारू,” रुक्माबाई म्हणाली.

भरमालाही हाक मारली. त्यानं आणि रुक्माबाईनं पेटी उलटी धरली. आत काहीतरी धपकन पडलं आणि घंटा थांबली. गाडीखाली गाडीवान निजावा तसा केशव पेटीखाली उताणा झाला आणि भोकांना तोंड लावून म्हणाला,

“नमस्कार, सर. मी केशव.”

आतून मुंगीएवढा आवाज आला. “सर कोण रं?”

“मालक!” पेटी धरलेला भरमा पुटपुटला.

“कुणी उचलतंय काय बघावं म्हणून फोन लावला,” मारुतीराव म्हणाले, “तर तूच! कुलूप कुणी फोडलं?”

“कुलूप शाबूत आहे, मालक. पेटी उलटी केलीय.”



“कशापायी?”

केशवच्या डोळ्यांवर धूळ हळूहळू उतरत होती. मालकांचा चेहरा दिसत नव्हता; दिसत होती फक्त बारा भोकं. त्यांना सांगणं मुळीच अवघड नव्हतं.

“मालक, सोमवारपासून मी येणार नाही. हायस्कूलमध्ये शिकवायला जातोय. तुम्ही बेळगावातच आहात, तर हेडमास्तरांना तेवढं कळवाल का? इथला रिसीव्हर आता परत जागेवर ठेवता येत नाही, त्यांचा फोन लागायचा नाही.”