हॉलमध्ये मोशन

नागपुरात खरे डिटेक्टिव्ह दोनच. एक पोलिसांचा कुत्रा आन् दुसरा मी. कुत्र्याले ट्रेनिंग हाय, मले अनुभव हाय. कुत्र्याले बिस्किट लागते, मले सुपारी-तंबाखूचा खर्रा. बाकी वासाच्या बाबतीत दोघांत फरक करणं अवघड हाय, असं माझी बायको कौशल्याही म्हणते. पण ती वेगळ्या अर्थानं म्हणते.

मी रुपराव निनावे. इतवारीच्या भांडे बाजारात माझं दुकान हाय. दुकान म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आन् भांड्यावर नाव घालायची करकर मशीन. आडनाव निनावे आन् धंदा नावाचा, हा विनोद माझ्यासमोर कोणी करू नये. तो मी स्वतः करतो आन् चांगला करतो. या धंद्यानं मले माणूस वाचाले शिकवलं. जो चमच्यावरही नाव घालाले लावते, तो जावयावर संशय घेते. जो 'सप्रेम भेट' बारीक आन् स्वतःचं नाव मोठं टाकाले लावते, त्याचं प्रेम तेवढंच बारीक असते. माझ्या बोर्डावर दोन ओळी हायेत. वरची : 'रुपराव निनावे, गुप्तहेर. गुप्ततेची शंभर टक्के हमी.' खालची : 'पोचे काढून मिळतील.'

त्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ आले. हातात स्टीलचा डबा, डोळ्यांत पाणी. मी एक नजर टाकली.

"बसा काका. तुम्ही सावनेरहून आले, शेतावरचे गडी हा, लग्न केलं नाही आन् डब्यावर नाव घालाचं हाय."

"मी धरमपेठेतून आलो," ते म्हणाले. "सरकारी नोकरीतून रिटायर झालो. मला एक मुलगा आहे. आणि डब्यावर नाव आधीच आहे."

"थोडक्यात चुकलं," मी म्हणालो.

त्यांचं नाव दत्तोपंत. बायको वारलेली, घरात एकटेच. मोठी बहीण सुमतीबाई शंकरनगरात राहते. तिचे गुडघे दुखतात म्हणून ती येत नाही, पण दोन वेळचा डबा माणसाच्या हातानं पाठवते. दत्तोपंतांनी डबा उघडला. आत मऊ भात. नुसता. वर ताकाची धार.

"आधी भरली वांगी यायची हो," ते म्हणाले. "वडाभात यायचा. महिना झाला, हे येऊन राहिलं."

"मंग बहिणीले विचारा ना, काहून म्हणून."

दत्तोपंतांनी इकडंतिकडं पाहिलं आन् खुर्ची जवळ ओढली. "विचारायची सोय नाही. मी रोज सकाळी फिरायला जातो. फिरायला म्हणजे... तर्री-पोह्याच्या ठेल्यापर्यंत. माझं बीपी आहे, ताईनं तर्रीचा तिखट रस्सा बंद केला आहे. एक दिवस तिचा फोन आला, 'दत्तू, मला घरबसल्या सगळं कळतं. सकाळी काय झालं तेही कळलं. लाज वाटून घेऊ नकोस, पण आता मऊ भातच खायचा.' मी फोन ठेवून दिला. विचारलं तर कबूल करावं लागेल ना!"

"म्हणजे घरात खबऱ्या हाय."

"तोच शोधा. कारण ताईनं गौरांगला कळवलं. माझा मुलगा. हैदराबादला असतो. तो म्हणतो, बाबा, तुमचं आता एकट्यानं राहणं बास. रविवारचं तिकीट काढलं त्यानं, एकाच बाजूचं." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "तिथं सकाळी इडली असते हो, निनावे. मरेपर्यंत इडली."

मी खर्रा तोंडात टाकला. केस हाती घेतली.

दत्तोपंतांच्या हॉलमध्ये मी पहिलं पाऊल टाकलं तेव्हाच मले समजलं का इथं काहीतरी पाहून राहिलं. फडताळावर वायफायचा डब्बा होता. बाजूले एक पांढरा गोल गड्डू, मधात काळा डोळा.

"हे काय?"

"गौरांगनं लावलं, गेल्या महिन्यात आला तेव्हा. वायफायवर चालतं. एक इथं, एक स्वयंपाकघरात. बाबा, सुरक्षेसाठी आहे, म्हणाला. कोणापासून ते विचारायचं राहून गेलं. डासांचं असेल."

मी डोळा बारकाईनं तपासला. "डासांचंच हाय. मरतात का?"

"अजून एक नाही मेला."

"चायनाचा माल."

मी डावीकडं सरकलो. गड्डूनं मान डावीकडं फिरवली. मी उजवीकडं गेलो, तो उजवीकडं. "माझ्याकडंच पाहून राहिलं हे."

"तुमच्याभोवती डास असतील," दत्तोपंत म्हणाले.

म्हणजे पांढरा गड्डू आला आन् मऊ भात सुरू झाला, दोन्ही एकाच महिन्यात. हा योगायोग मी लगेच बाजूला सारला. योगायोगाच्या मागं पळणं हे कच्च्या डिटेक्टिव्हचं काम.

माझा पहिला संशय डब्यावर. भांड्यांचा माणूस हाय मी, बूड वाजवून सांगतो आत काय हाय. बूड वाजवलं. आत मऊ भात होता. दुसरा संशय खिडकीत बसणाऱ्या कबुतरावर. ते रोज ठेल्याच्या दिशेनं येते आन् शंकरनगरच्या दिशेनं जाते. मी त्याचा पाठलाग केला. ते बाजूच्या घरच्या टाकीवर बसलं आन् तिथंच राहिलं. चालाख होतं. तिसरा संशय मात्र पक्का होता.

"काका, वायफाय भिंतीतून जाते का?"

"जातं."

"तर्रीचा वास भिंतीतून जाते का?"

"जातो."

"दोघं एकाच वाटेनं जाऊन राहिले. तुम्ही तर्री खाऊन वायफायजवळ बसता, वास त्याच्यात बसते, सीधा शंकरनगर."

दत्तोपंत गार पडले. आम्ही वायफायच्या डब्ब्याले ओला पंचा गुंडाळला. माझं वायफायचं ज्ञान वायफळ नाही, हे त्याईले तेव्हा पटलं. पंच्याचं पाणी आत गेलं नाही, हे आमचं नशीब.

दुसऱ्या दिवसापासून मी हॉलमध्ये पाळत सुरू केली. अंगावर चादर घेऊन, सोफ्याचं सोंग घेऊन, दुपारभर रांगत. हॉलमधून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून हॉल. खबऱ्या दिसला नाही. पण संध्याकाळच्या डब्यात भातही नव्हता. नुसती पेज. मी पाळत वाढवली. पेजेसोबत मीठ-साखरेच्या पाण्याची पुडी आली. मी रात्रीच्या जेवणापर्यंत रांगलो. डबाच आला नाही, त्याच्या जागी दोन केळी आन् एक फोन, "दत्तू, धीर धर. गौरांगला शुक्रवारीच बोलावते."

"निनावे," दत्तोपंत भिंतीले धरून म्हणाले, "तुम्ही जितका तपास करून राहिले, तितका मी उपाशी मरून राहिलो."

"शत्रू घाबरला," मी म्हणालो.

आता घरचा माणूस आत घुसवणं भाग होतं. मी कौशल्येले कामगिरी दिली. "हे पाय वं, साड्या विकणारी बनून सुमतीबाईच्या घरी जा. नजर ठेव. काही विचारू नको."

"विचारलं तर काय होते?"

"डिटेक्टिव्ह विचारत नसते. ओळखते."

"म्हणूनच तुम्ही घरी भाजी विसरून येता," असं म्हणून ती गेली.

मी इकडं गुन्ह्याचं नाट्य उभं केलं. खबऱ्या कसा येते, कसा पाहते, कसा पळते. दत्तोपंत खुर्चीत, मी चादर पांघरून चारही पायांवर. आलो, पाहिलं, पळालो. पुन्हा आलो. घामानं भिजलो पण सोडलं नाही. तेवढ्यात बाहेर ऑटो थांबला, दार धाडकन उघडलं आन् आत एक म्हातारी बाई आली. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात मोठ्या माणसांच्या डायपरचं पाकीट.

"दत्तू! अरे एका तासात इतके? आणि सगळे हॉलमध्ये?"

"काय इतके, ताई?"

"लपवू नको रे! मोशन! गौरांगनं यंत्र लावलं तुझ्या तब्येतीसाठी, काही झालं की मला मेसेज येतो." तिनं मोबाईल पुढं धरला. "मोशन, हॉल. मोशन, हॉल. मोशन, किचन. किचनमध्ये पण, दत्तू? मला वाटायचं बिचारा मागून पुसून घेत असेल!"

दत्तोपंतांचं तोंड उघडंच राहिलं. मी चादरीतून डोकं काढलं. मोबाईल वाजला, टिंग.

सुमतीबाईंच्या मागं, त्याच ऑटोतून आलेली कौशल्या उभी होती. पदराचा बोळा तोंडात. तिनं मोबाईलकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मंग त्या पांढऱ्या गड्डूकडं.

"अवो, जरा गप राहा. हलू नका."

मी थांबलो. मोबाईलही थांबला.

"आता एक पाय हलवा."

टिंग.

"दुसरा."

टिंग.

"बाई," कौशल्या म्हणाली, "तुमच्या भावाचं पोट ठणठणीत हाय. हे माझा नवरा हलून राहिला. तो कॅमेरा हाय, आन् मोशन म्हणजे हालचाल. माझ्या बहिणीच्या दुकानात हायच असा."

सुमतीबाई हळूच सोफ्यावर बसल्या, खऱ्या सोफ्यावर. डायपरचं पाकीट त्याईनं पाठीमागं सरकवलं.

"म्हणजे तुला काहीच नाही?"

"नाही गं ताई!"

"मग महिनाभर मऊ भात गप का खाल्लास?"

दत्तोपंत छताकडं पाहू लागले. आन् इथं, वाचकहो, माझ्या हुशारीनं उडी घेतली. माझी केस सुटली होती. खबऱ्या नव्हताच! मी चादर झटकून उभा झालो आन् दत्तोपंतांच्या खांद्यावर थाप मारली.

"मुबारक हो काका! बाईले तर्री-पोह्याचा काही पत्ताच नव्हता!"

टिंग. दत्तोपंतांनी कपाळावर हात मारला होता, गड्डूनं तो टिपला.

"कसले तर्री-पोहे?" सुमतीबाईंनी विचारलं.

ज्या खबऱ्याच्या शोधात मी इतके दिवस रांगलो, तो शेवटी सापडला. त्याच्या बोर्डावर गुप्ततेची शंभर टक्के हमी लिहिली हाय.

सुमतीबाईंनी भावाकडं डोळे वटारले. मंग त्याईनं हैदराबादले फोन लावला. "गौरांग, तिकीट रद्द कर. तुझ्या बापाचं पोट दगड पचवून राहिलं. हो, कॅमेरा आहे ते समजलं आता मला. आधी नीट सांगायला काय झालं होतं? नाही, नेऊ नको. तिथं गेला तर चोरून काय खाईल ते मला समजणार नाही, इथं निदान तोंडावरून ओळखीन." फोन ठेवून त्या दत्तोपंतांकडं वळल्या. "कुठला ठेला?"

दत्तोपंतांनी घाबरत सांगितलं.

"तिथं तर्री पाणचट असते. मी शिकवायला जायची तेव्हा शाळेजवळच्या ठेल्यावर खायची. चोरूनच. आईनं बंद केलं होतं." त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "उद्या सकाळी ऑटो घेऊन येते. महिन्यातून एकदा. आणि एकच प्लेट, दत्तू."

दुसऱ्या सकाळी आम्ही चौघं ठेल्यावर. दत्तोपंतांनी एक प्लेट खाल्ली, डोळे मिटून, नाक पुसत. सुमतीबाईंनी एक खाल्ली आन् पाणचट हाय म्हणत दुसऱ्यांदा तर्री मागितली. केस माझी होती, म्हणून मी तीन हाणल्या, वरून तर्री वेगळी.

ठेल्यावरून घर जवळ दत्तोपंतांचं. चहा व्हायचा होता. मी सोफ्यावर बसलो, आन् लगेच उठलो. हॉलच्या त्या टोकाले बाथरूम.

टिंग.

आलो. बसलो. उठलो.

टिंग.

सुमतीबाईंनी चष्मा लावून मोबाईल वाचला. "मोशन, हॉल."

"आता बरोबर सांगून राहिलं वं बाई," कौशल्या म्हणाली.

दुपारी शंकरनगरहून दोन डबे आले. एक दत्तोपंतांचा, त्याच्या झाकणातून भरल्या वांग्यांचा वास येऊन राहिला होता. दुसरा माझ्यासाठी. मी त्याच्या बुडावर बोट वाजवलं, कान लावला आन् न उघडताच सांगितलं आत काय हाय.

आजवरच्या कारकिर्दीत एवढा एकच अंदाज बरोबर आला.