व्हर्लिनचे कान

व्हर्लिन टोलेफसनला चांगली पानं आली की त्याचे कान लाल व्हायचे. नुसते गुलाबी नव्हेत, चांगले बिटासारखे लाल. दर शनिवारी दुपारी आमच्या गावात माजी सैनिकांच्या हॉलमध्ये पोकरचा डाव बसतो, आणि गेली एकोणीस वर्षं तिथे एकच प्रकार चालला होता. व्हर्लिन पानं उचलायचा, आर्विड न्हावी त्याच्या कानांकडे बघायचा आणि म्हणायचा, "आलं रे बाबा काहीतरी! टाका पानं." की सगळे पानं टाकून मोकळे.

हॉलच्या भिंतीवर एक पितळी पाटी आहे. जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी जो जिंकेल त्याचं नाव तिच्यावर कोरतात. बक्षीस नाही, काही नाही, नुसतं नाव. आर्विडचं सात वेळा आहे. एका वर्षी तर चर्चमधल्या ऑर्गनवाल्याचं लागलं, आणि त्या गृहस्थाला राणी मोठी की गुलाम हेसुद्धा विचारावं लागायचं! व्हर्लिनचं मात्र एकदाही नाही. हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर उभं राहून गिऱ्हाइकांना खिळे देताना त्याच्या डोळ्यांपुढे ती पाटी यायची. त्याला ते नाव हवं होतं, इतकं की कुणाला सांगायची लाज वाटावी.

यंदा त्याची बायको मार्लिस तीन आठवडे डुलुथला गेली, बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून. व्हर्लिनने मनावर घेतलं. वाचनालयातून पोकरचं पुस्तक आणलं. त्यात लिहिलं होतं, नुसती इच्छा असून भागत नाही, रोज सकाळी आरशासमोर तिची आठवण स्वतःला करून द्या आणि दिवसभर चेहरा दगडासारखा ठेवा. त्याने आरशावर चिठ्ठी चिकटवली: "पाटी. दगड." नाश्त्याला तो पानं पिसून स्वतःला वाटायचा आणि मार्लिसच्या रिकाम्या खुर्चीसमोरही वाटायचा. खुर्ची बऱ्याचदा जिंकायची.

चेहरा दगड ठेवणं त्याला वाटलं होतं त्याहून फार सोपं गेलं. पुस्तक भलतंच चांगलं आहे, असं त्याला वाटलं.

चौथ्या दिवशी लव्हॉनबाई पायऱ्यांवरच्या बर्फासाठी मीठ न्यायला दुकानात आल्या.

"काय रे, बरा आहेस ना?"

"मजेत आहे," व्हर्लिन दगडी चेहऱ्याने म्हणाला.

"आणि मार्लिस?"

"बहिणीकडे गेलीये. येईल."

"येईल रे, नक्की येईल," असं म्हणून लव्हॉनबाईंनी त्याचा हात दाबला आणि मीठ तिथेच विसरून गेल्या.

आमच्या गावात कुणावर संकट आलं की कुणी काही विचारत नाही. खिमा, मश्रूमचं सूप आणि वर बटाट्याचे तुकडे घालून भाजलेलं भलंमोठं भांडं दारात ठेवतात आणि निघून जातात. त्याला आम्ही हॉटडिश म्हणतो. त्या संध्याकाळी व्हर्लिनच्या दारात एक हॉटडिश होती. दुसऱ्या दिवशी तीन. आठवड्याभरात फ्रीज भरला, मग गॅरेज भरलं, मग तो भांडी बाहेर बर्फात रोवून ठेवू लागला.

"अहो, तिच्या बहिणीचा गुडघा आहे हो!" तो पास्टरना कळवळून म्हणाला. म्हणजे आतून कळवळून. चेहरा दगडच.

"मन मोकळं कर, व्हर्लिन," पास्टर म्हणाले. "गुडघ्याच्या मागे लपू नकोस."

शेवटचा शनिवार उजाडला. हॉलमध्ये पाच वाजता मांसाची सोडत असते, म्हणजे चिठ्ठ्या काढून बक्षीस म्हणून मांस वाटतात, तेव्हा टेबल रिकामं करावंच लागतं. त्या घटकेला ज्याच्यापुढे पैशांऐवजी लावायच्या चकत्यांचा ढीग मोठा, तो जिंकला. एकेक गडी उठत गेला. शेवटी उरले आर्विड आणि व्हर्लिन. तेवढ्यात आर्विडने टाकलेली पानं चुकून उघडी पडली. दोन एक्के!

"आर्विड! दोन एक्के टाकून दिलेस?"

"असू दे रे," आर्विड खाली बघत म्हणाला. "तुला सध्या बरं वाटायला हवं."

"दया नको मला! एकोणीस वर्षं थांबलोय ते काय दया घ्यायला? सरळ खेळ, नाहीतर मी उठतो."

"बरं बाबा," आर्विड म्हणाला, आणि मग असा खेळला की पाचला पाच मिनिटं कमी असताना त्याचा ढीग थोडासा वरचढ झाला होता.

शेवटचा डाव. व्हर्लिनने आपली दोन पानं उचलली. सत्ती आणि दुर्री. पोकरमध्ये याहून भिकार हात नाही. आता फसवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्याने आपला सगळा ढीग पुढे सरकवला आणि तीन आठवड्यांची मेहनत चेहऱ्यावर आणली.

आर्विडने कान पाहिले. पांढरेफटक. पुन्हा पाहिले. काहीच कळेना. त्याने आपल्या चकत्या मोजून पुढे सरकवायला हात घातला. संपलं, व्हर्लिनच्या मनात आलं, यंदाही नाही.

तेवढ्यात हॉलचं दार उघडलं. थंड वाऱ्याबरोबर बूट आपटत मार्लिस आत आली.

"व्हर्लिन! अकरा जणींनी फोन केला मला! मी तुला सोडून गेले म्हणे? आणि अंगणात बर्फात ती भांडी कसली रोवलीयेस?"

व्हर्लिनचे कान लाल झाले. मान लाल झाली. टक्कलसुद्धा लाल झालं.

आर्विडचा हात जागीच थांबला. "नाही बाबा! या कानांभोवती एकोणीस वर्षं कात्री चालवतोय मी. मला नको शिकवू!" त्याने पानं टाकली. दोन राजे होते. टेबलावरच्या चकत्या व्हर्लिनच्या झाल्या आणि त्याचा ढीग मोठा ठरला. घड्याळात पाच वाजले आणि हॉलभर आरडाओरडा झाला.

व्हर्लिनने आपली पानं उघडी केली. सत्ती. दुर्री.

"मग कान कशाने रे लाल झाले?" आर्विड ओरडला.

व्हर्लिनचं लक्ष नव्हतं. पाटीकडेही नव्हतं. तो उठून मार्लिसचा कोट उतरवून घेत होता. पुस्तकातलं एक अक्षरही खरं नव्हतं, हे त्याला आत्ता कळलं. ती घरी नव्हती, म्हणून चेहरा दगड झाला होता.

"तीन आठवडे म्हणजे फार झाले गं," तो म्हणाला.

मार्लिसने टोपी काढली. तिचेही कान लालभडक होते.

"बाहेर थंडी आहे," ती म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.