शेंड्यावरची चांदणी

एका जंगलात, बाळांनो, डिसेंबरातसुद्धा सगळं हिरवंगार असायचं. ही गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा. त्या जंगलात ती कुणाच्याच लक्षात राहिली नाही.

तिथे झुपकी नावाची एक खार राहायची. नदीकाठच्या सुरूच्या झाडावर तिचं घरटं होतं. घरट्यात नवरा होता आणि टिकली नावाचं एकुलतं एक पिल्लू होतं.

आपण बरी आई आहोत की नाही, अशी शंका झुपकीला रोज सकाळी नव्याने यायची. टिकली झोपली की श्वास चालू आहे ना, हे ती वाकून वाकून बघायची. त्यामुळे टिकली जागी व्हायची. मग झोपमोड केल्याचं झुपकीला वेगळं वाईट वाटायचं.

टिकली साळिंदरबाईंच्या शाळेत जायची. शाळा गुहेत भरायची. एकदा पालकसभेला बाईंनी परदेशातून आलेल्या करकोच्याला बोलावलं.

"आमच्या थंड देशात," करकोचा एका पायावर उभा राहून म्हणाला, "हिवाळ्यात झाडांची पानं गळतात. नुसते खराटे उरतात. हिरवं पुन्हा येतंय की नाही, अशी माणसांना धास्ती वाटते. म्हणून पूर्वी ती सदाहरित झाडाच्या फांद्या दारावर लावायची. मग कुणीतरी अख्खं झाडच घरात आणलं. त्यावर सफरचंदं टांगली. मग मेणबत्त्या आल्या, मग काचेचे गोळे, मग शेंड्यावर चांदणी. तेच हे नाताळचं झाड."

"पण आपल्याकडे तर सगळंच हिरवं आहे," टिकली म्हणाली.

"प्रश्न शेवटी विचारायचे," बाई म्हणाल्या. शेवटी वेळ उरला नाही.

"यंदा आपल्या शाळेतही असं झाड हवं," बाईंनी जाहीर केलं. "टोकदार, सदाहरित. आहे कुणाच्या पाहण्यात?"

झुपकी मागच्या सभेत काही बोलली नव्हती. त्याच्या मागच्याही नाही. माकडीणबाई मात्र प्रत्येक सभेत बोलायच्या, आणि त्यांची पोरं प्रत्येक स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेत नाचायची. झुपकीचा पंजा आपोआप वर गेला.

"नदीकाठी एक सुरू आहे. अगदी तस्सा!"

टाळ्या पडल्या. "शाब्बास, टिकलीच्या आई!" बाई म्हणाल्या. "शेंड्यावरची चांदणी आपली टिकलीच होणार!"

झुपकी तरंगतच घरी आली. नवऱ्याला सगळं सांगितलं.

"कुठला सुरू?" त्यानं विचारलं.

"अहो, आपलाच."

"आपण राहतो तो?"

"सजवणार असतील हो नुसता," झुपकी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घुशींची टोळी आली आणि बुंधा कुरतडायला बसली. झुपकी धावत शाळेत गेली. 'बाई, त्या झाडावर आमचं घर आहे,' हे वाक्य तिनं वाटेत अकरा वेळा म्हणून पाहिलं होतं.

"बाई, झाड उभं असतानाच सजवलं तर?"

"मग ते नुसतं झाड होईल हो. त्यात सण कुठे आला?" बाईंनी चमचमता पोशाख पुढे केला. "हा घ्या टिकलीचा. नसेल जमत तर सांगा. माकडीणबाई विचारतच होत्या."

झुपकीनं वाक्य गिळलं. "कमरेत जरा सैल आहे," ती म्हणाली.

सुरू पडला. गुहेत उभा राहिला. टिकली शेंड्यावर पाऊण तास चमकली आणि खाली आल्यावर शिंकली. त्या आठवड्यात तिघं खडकाच्या कपारीत राहिली. झुपकी मनाला समजावत राहिली, की मुलांच्या आयुष्यात असे प्रसंग पुन्हा पुन्हा येत नाहीत.

आठ दिवसांत झाड वाळलं. सुयांसारखी पानं गळून बाईंच्या काट्यांत अडकू लागली.

"आता याचं काय करायचं?" बाईंनी करकोच्याला विचारलं.

"आमच्याकडे वाया घालवत नाहीत," करकोचा म्हणाला. "चुरा करून दुसऱ्या झाडांच्या मुळाशी पसरतात. फांद्या तळ्यात सोडतात, माशांना लपायला. काही ठिकाणी बकऱ्यांना खायला घालतात."

बाईंनी लगेच मुलांना प्रकल्प दिला, 'टाकाऊतून टिकाऊ'. मुलांचा, म्हणजे अर्थात आयांचा. हरिणीनं चुरा पसरला. पाणमांजरीनं फांद्या तळ्यात सोडल्या. माकडीणबाईंनी वाळक्या पानांचं तोरण केलं आणि ते सगळ्यांना दोनदा दाखवलं.

झुपकीनं उरलेलं खोड ओढत नदीकाठी नेलं. जुन्या बुंध्यावर उभं केलं. वेलींनी करकचून बांधलं. वर पुन्हा आपलं घरटं केलं.

तिला पहिलं बक्षीस मिळालं.

"एका निरुपयोगी झाडातून खारींसाठी निवारा!" बाई म्हणाल्या. "टिकलीच्या आई, ही कल्पना तुम्हाला सुचली तरी कशी?"

"अशीच," झुपकी म्हणाली.

"आई, हे आपलंच घर आहे ना?" टिकली कुजबुजली.

"शू! आधी बक्षीस घे."

"पुढच्या वर्षी पाच झाडं आणू," बाई म्हणाल्या. "म्हणजे पाच घरं तयार होतील. आहेत कुणाच्या पाहण्यात?"

माकडीणबाईंचा हात सगळ्यांत आधी वर गेला. झुपकीनं एक वाक्य मनात जुळवलं. अकरा वेळा म्हणून पाहिलं. पण तिच्या एका हातात प्रशस्तिपत्र होतं आणि दुसऱ्या हातात टिकली. तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या.

घरी परतल्या तेव्हा वारा सुटला होता. खोड करकरत होतं. पानं नसल्यामुळे घरट्यात चारी बाजूंनी झोत येत होते. सगळ्यांत मोठी फट झुपकीनं प्रशस्तिपत्रानं बुजवली. ते अगदी मापाचं निघालं.

तात्पर्य: उभ्या झाडाचं कुणी कौतुक करत नाही. म्हणून ज्याला झाड वाचवायचं असेल, त्यानं ते आधी तोडून घ्यावं.