बाबांचा उसना आवाज

बाबांना आवाज मिळवून द्यायचा, असं मी एका रविवारी ठरवलं. (माझे बहुतेक निर्णय रविवारी होतात आणि घरचे ते आठवडाभर निस्तरतात.)

बाबा म्हणजे माझे वडील. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांची हयात गेली. घशाचं ऑपरेशन उत्तम झालं, पण आवाज घोगरा निघाला आणि असल्या आवाजात बोलायचं नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. सगळा कारभार चिठ्ठ्यांवर. डॉक्टरांनी बजावलं होतं, की दोन महिन्यांत बोलण्याचा सराव सुरू झाला नाही, तर आहे तो आवाजही जाईल. सराव करून घेणाऱ्या बाईंचे दहा तास आम्ही ठरवले होते. बाबा एकालाही बसले नाहीत. सहा आठवडे उलटले आणि मला खरोखर भीती वाटायला लागली.

म्हणून मी कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर टाकलं. ते बोललेलं लिहून घेतं, लिहिलेलं बोलून दाखवतं, वर भाषांतरही करतं. (ऐकून घेणारं कुणीतरी घरात प्रथमच येतंय, असं बायको म्हणाली.) त्यातला तयार आवाज एका तरुणीचा होता. तिने "मी दाढी करून येतो" म्हटल्यावर बाबांनी चिठ्ठी लिहिली, "हिला आवर." दुसरा मार्ग असा होता, की घरातल्या कुणीही वीस मिनिटं वाचून दाखवायचं, सॉफ्टवेअर तोच आवाज उचलणार. मी ऐटीत माईकपुढे बसलो. अशाने बाबा तोंड उघडायचेच नाहीत, अशी शंका बायकोने काढली. ती मी उडवून लावली आणि चिठ्ठ्यांचे कागदही उचलून ठेवले.

सोमवारी ऑफिसातून आलो, तर बायको खुशीत होती. बाबांनी दिवसभर टाइप करून हवं ते मागून घेतलं म्हणे. चहा मागितला, खिडकी बंद करायला लावली, पंखा लावायला सांगितला, पुन्हा चहा मागितला. बाबांपुढे चार कप गार पडले होते आणि बाबा तापले होते.

तेवढ्यात सरावाच्या बाईंचा फोन आला. बायकोने तो स्पीकरवर टाकून कॉम्प्युटरजवळ धरला. बाबांनी दातओठ खात टाइप केलं आणि माझा आवाज घुमला, "मी सराव करणार..."

"वा, मग उद्या दहाला येते," बाई म्हणाल्या.

बाबांनी पुन्हा बोटं आपटली. "तुम्ही उद्या यायचं..."

"येणारच. तुम्ही इतकं मनावर घेतलंय म्हटल्यावर."

"नाही."

हा आवाज माझा नव्हता. बाबा खुर्ची मागे सारून उभे होते. आवाज घोगरा, फाटका, पण अख्ख्या घराला ऐकू गेला. "नाही लिहिलंय मी. हे गाढव दर वेळी 'नाही' गिळतंय."

बायकोने डोळ्यांना पदर लावला. मग मी पडद्यावर पाहिलं. दिवसभराची वाक्यं एकाखाली एक होती. चहा नको. खिडकी बंद करायची नाही. पंखा नको. म्हटलं ना, चहा नको.

मी तडक कंपनीला झापायला फोन लावला. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी शांतपणे मला माझंच वाचन ऐकवलं. प्रत्येक वाक्याचं शेपूट मी गिळत होतो. सॉफ्टवेअरने माझा आवाज अगदी इमानदारीने उचलला होता. (ऑफिसच्या खिडकीवर मी दिवसभर "आज होणार नाही" सांगतो, तरी माणसं रांगेतून का हलत नाहीत, हे कोडं वीस वर्षांनी सुटलं.)

सरावाच्या बाई दुसऱ्या दिवशी दहाला आल्याच. त्यांनी सॉफ्टवेअरचा ऐकणारा भाग सुरू केला आणि पडद्यावर बरोबर उमटेपर्यंत बोलत राहायला सांगितलं. समोर चूक दिसल्यावर बाबा थोडेच सोडणार. एकेक शब्द दहादहा वेळा म्हणून त्यांनी यंत्राकडून शुद्ध लिहून घेतला. चौथ्या तासाला त्यांनी पानभर मजकूर सांगितला आणि त्यात काना-मात्रेचीही चूक निघाली नाही. आवाज घोगराच आहे, पण आता तो सकाळपासून सुरू असतो आणि मला तो फार आवडतो.

त्या चौथ्या तासालाच मीही हौसेने माईकपुढे बसलो. बाईंनी माझी पाच वाक्यं पडद्यावर पाहिली, वही काढली आणि बाबांचे उरलेले सहा तास माझ्या नावावर केले. घरचा अभ्यास बाबाच घेतात. परवा फोनवर ते बाईंना सांगत होते, "प्रयत्न चालू आहेत. पण पेशंट जरा अवघड आहे."