हिरड्यायले हवा पाहिजे

साकोलीच्या बसस्टँडजवळ माझा पानठेला आहे. आणि माझ्या ठेल्यासमोरच्या बाकड्यावर बसून गेली दीड वर्षं एक माणूस माझ्याच गिऱ्हाइकांचे ओठ खाली ओढून पाहतो.

खोटं नाही सांगत. गिऱ्हाईक येतं, खर्रा मागतं. मी पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना टाकून घोटायला घेतो. घोटायला दोन-तीन मिनिटं लागतातच. तेवढ्यात हे बाकड्यावरून उठतात, चष्मा नाकावर चढवतात आणि म्हणतात, "दाखव हिरडी." गिऱ्हाईक बावचळून दाखवतंही, कारण या माणसाची नोकरी सरकारी होती आणि नोकरी गेली तरी आवाज राहिला आहे. मग ओठ ओढून, मान वाकडी करून तपासणी. "थुंकतानी रक्त येते का? येते ना? मंग कायले खातं बे हे?"

आता मला सांगा, हे माझ्या दुकानासमोर! असा शत्रू कोणी बाकडं टाकून पोसतो का?

यांचं नाव लांजेवारजी. कृषी सहायक म्हणून रिटायर झाले. उभा जन्म शेतकऱ्यांना धानावरचे रोग दाखवण्यात गेला आणि आता दातांवरचे दाखवतात. दीड वर्षापूर्वीपर्यंत ते माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक होते. सकाळचा पहिला खर्रा त्यांचा, संध्याकाळचा शेवटचा त्यांचा. मग त्यांच्या तोंडात ते प्लास्टिक आलं आणि माझं गिऱ्हाईक गेलं.

झालं असं. लांजेवारजींचे वरचे दात पुढे. शाळेत पोरं 'दातऱ्या' म्हणायची, तेव्हापासून हसू आलं की हात तोंडावर जायचा. नोकरीत हात, लग्नात रुमाल, फोटोत दोन्ही. त्यांच्या मुलाचं, नीलेशचं लग्न झालं आणि अल्बम आला. तर अख्ख्या अल्बमात नवरदेवाच्या बापाचं तोंड नाही! कुठे रुमाल, कुठे हाताचा पंजा, व्याह्यांना हार घालताना तर चक्क हाराच्या मागे. नीलेशला ते फार लागलं. तो नागपूरला नोकरीला असतो. बापाला धरून दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरने कॉम्प्युटरवर दात सरळ करून दाखवले आणि अलायनर दिले. म्हणजे दातांवर बसवायचे पारदर्शक ट्रे, वरचा एक, खालचा एक. अशा वीस जोड्या. पंधरा दिवसांनी पुढचा नंबर. दिवसाचे बावीस तास तोंडात, फक्त खायला-प्यायला आणि ब्रश करायला काढायचे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी नागपूरला दाखवायला जायचं.

गडी दुसऱ्याच दिवशी ठेल्यावर आला आणि मी घोटलेला खर्रा परत केला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

"शालिक, आता बंद," म्हणाले. "डॉक्टरनं सांगतलं, हिरड्या खराब दिसल्या तं ट्रे बंद करून टाकीन."

"मंग इथं कायले आले?"

"बसाले," ते म्हणाले आणि बसले. अजून बसलेलेच आहेत.

शर्टाच्या खिशात आधी पेन असायचं, तिथे आता ब्रश. दुसऱ्या खिशात निळी डबी. साकोलीत घरातून निघून बसस्टँडपर्यंत पोचायचं तर वाटेत तीन चहा ठरलेले, आणि नाही म्हटलं तर माणूस महिनाभर बोलत नाही. लांजेवारजी नाही म्हणत नसत. फक्त चहा आला की पाठ फिरवायचे, ट्रे काढायचे, डबीत ठेवायचे, डबी लावायचे, चहा प्यायचे, माझ्या कॅनचं पाणी घेऊन नालीवर उभं राहून ब्रश करायचे, ट्रे थंड पाण्याने धुवायचे आणि परत बसवायचे. तोवर चहा पाजणाऱ्याची बस निघून गेलेली असायची. हळूहळू लोकांनी विचारणंच सोडलं.

ब्रश करण्यावर तर पूर्ण भाषण. "हिरडी म्हनजे बांधी, धानाचं वावर, अन् दात म्हनजे धान. बांधीत घान साचली तं धान कुजते, लक्षात ठेव. अन् हा असा आडवा नांगर नाही चालवाचा. गोल गोल, हलक्या हातानं. रोवणीच्या टायमाले पऱ्ह्यायले, कवळ्या रोपायले, हात लावतो ना, तसा." मग खिशातून दोरा काढायचा आणि दोन दातांच्या मधून ओढून दाखवायचा. गोंदियाच्या बसची वाट पाहणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून पाहत राहायच्या. एकदा एकीने विचारलं, "भाऊ, दात शिवून राहिले का?" तर तिलाही तिची हिरडी दाखवायला लावली.

मी मात्र कधी हात लावू दिला नाही. रोज म्हणायचे, "शालिक, तुई दाखव." मी म्हणायचो, "जा जी, तुमचं काम करा." पानठेलेवाल्याने स्वतःचाच माल खाऊन हिरडी दाखवायची म्हणजे दुकानाला कुलूप लावणंच झालं. तसं रोज सकाळी थुंकताना माझंही रक्त येतं. पण हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

त्यांच्या भाचीच्या लग्नाला आम्ही दोघं पवनीला गेलो, तो किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पंगत बसली. लांजेवारजींनी पाठ फिरवून ट्रे काढले, पाहतात तर डबी घरी राहिलेली. मग पत्रावळीजवळच्या द्रोणात ट्रे ठेवले. वाढणाऱ्याच्या डोळ्यांत आधीच घाम, त्यात ते ट्रे पारदर्शक. त्याला द्रोण रिकामा दिसला, आणि आमच्याकडे लग्नात पाहुण्याचा द्रोण रिकामा राहिला तर यजमानाची इज्जत जाते. त्याने बादलीतलं वाफाळतं वरण वगराळं भरून वर ओतलं.

"अबे, माहे दात!"

सगळी पंगत थांबली. बँडवाल्यानेसुद्धा वाजवायचं थांबवलं. शेजारची एक म्हातारी कळवळून म्हणाली, "पडले का बापा? असू दे, म्हातारपनी असंच होते." लांजेवारजींनी पुरीने वरणातून ट्रे बाहेर काढले, पण गरम वरणात प्लास्टिकनं कधीच मान टाकली होती. ट्रे असे मुरगळले, जसे काही दुसऱ्याच कोणाच्या जबड्याचे.

मला वाटलं आता हा माणूस त्या वाढणाऱ्याला सोडत नाही. तर हे खुश! वरणाने भरलेल्याच हाताने फोन काढला. "नीलेश, ट्रे खराब झाला गा. आता तं मले नागपूरले यावंच लागन. शनिवारची कायले वाट पाहाची, उद्याच येतो." फोन ठेवला आणि दोनदा बुंदी मागून खाल्ली. मी म्हटलं, यांच्या डोक्यावर परिणाम झाला.

नागपूरहून परतले की दोन दिवस तेच पुराण. डॉक्टर काय म्हणाला ते दोन वाक्यांत संपायचं. बाकी सगळं, नीलेशने कुठे जेवायला नेलं, नीलेशने भाजी कमी तिखट सांगितली, नीलेशने खुर्ची ओढून दिली. मी म्हणायचो, "अन् दात?" तर म्हणायचे, "दात का? आहेत ना."

एकदा नीलेशचाच मला फोन आला. "काका, एक काम करा. दहा महिन्यात संपते म्हनलं होतं डॉक्टरनं, आता दीड वर्ष झालं. हिरड्या पाहून डॉक्टर खुश आहे, म्हनते अशा हिरड्या कॉलेजच्या पोराच्याही नाही राहत. पन दात जागचे हलूनच नाही राहिले. बाबा ट्रे घालतात का नाही, जरा लक्ष ठेवा."

झालं, मी हेर झालो. खरं सांगतो, मजा आली. सतरा महिने हा माणूस माझी गिऱ्हाइकं पळवत होता, आता माझी पाळी. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्यांनी ट्रे काढून डबीत ठेवले. साडेदहा झाले, अकरा झाले, बाराही वाजले. डबी बाकड्यावर आणि हे रस्त्याकडे पाहत बसलेले.

"लांजेवारजी, ट्रे?"

"हिरड्यायले हवा पाहिजे," ते गंभीरपणे म्हणाले. "कोंडून ठेवल्या तं कशा जगतीन?"

एक वाजता जेवायला घरी गेले, आणि डबी बाकड्यावरच विसरले. मी मनात म्हटलं, सापडले! ठेला बंद केला आणि डबी घेऊन त्यांच्या घरी गेलो. घर मागच्याच गल्लीत. वहिनींना जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून एकटेच असतात. दार उघडं होतं. ते मोरीत उभे राहून हिरड्या घासत होते, गोल गोल. आणि समोरच्या फळीवर ट्रेची पाकिटं, चौदा आणि पंधरा नंबरची. दोन्ही सीलबंद. 'पंधरा चालू आहे' असं मला, नीलेशला आणि अर्ध्या साकोलीला सांगून झालेलं.

"काय जी लांजेवारजी!" मी ओरडलो. "लोकायचे ओठ ओढून पाहता अन् सोता पोराले फसवून राहिले? लाज नाही वाटत?"

त्यांनी चूळ भरली. तोंड पुसलं. पाकिटं उचलून मागे लपवली, मग परत होती तिथे ठेवली.

"वीस नंबरले संपते हे, शालिक," म्हणाले. "मंग?"

"मंग काय? दात सरळ होतीन. फोटो काढा मस्त."

"अन् मले नागपूरले कोन बोलावन?"

मी हातातली डबी उलटसुलट करत राहिलो.

"दवाखान्यात वीस मिनिटं लागते फक्त. बाकीचा दिवस पोरगा माह्या संग राहते. स्टँडवर घ्याले येते. रस्ता पार करतानी हात धरते गा माहा. मी काय लहान आहो? पन धरते. तुई वहिनी होती तवा दर सनाले घरी यायचा. आता त्याचे सन सासरकडे असते, कामं असते. त्याचं काही चुकत नाही."

"मंग सांगा ना त्याले सरळ, भेटाले ये म्हना."

"कसं सांगू?" त्यांचा सरकारी आवाज कुठल्या कुठे गेला होता. "पोराले फोन करून मले करमत नाही म्हनून सांगाचं? ते नाही सांगता येत. दाताचं सांगता येते."

"मंग हिरड्या कायले एवढ्या घासता?"

"हिरड्या सुजल्या तं डॉक्टर बंद करते. दात सरळ झाले तरी बंद करते. म्हनून हिरड्या घासतो अन् ट्रे काढून ठेवतो." मग म्हणाले, "नीलेशले सांगशील?"

मी डबी फळीवर ठेवली आणि निघून आलो. दीड वर्ष मी या माणसाची ठेल्यावर नक्कल करून लोकांना हसवत होतो. मला माझीच लाज वाटली. रागही आला, पण कोणाचा ते कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी नीलेशचा फोन आला. लांजेवारजी बाकड्यावरच होते. मी नाव घेतल्याबरोबर ताठ बसले आणि घाईघाईने ट्रे तोंडात कोंबला.

"काका, घालतात का बाबा?"

"घालतात ना," मी म्हणालो. "बावीस तास. एखांद्या दिवशी तेवीस."

"मंग दात काहून नाही हलत?"

"अबे, जुनं झाड आहे ते. मुळं खोल गेली. असं महिन्या-दोन महिन्यात हलते का? वेळ लागन. दोन वर्ष लागतीन, तीन लागतीन. तू आपला दर शनिवारी, म्हनजे तो दुसऱ्या शनिवारी, नेत जाय त्यायले. खंड नको पडू देऊ."

नीलेश हळू बोलला, "डॉक्टर तं म्हनते, बाबा काढूनच ठेवत असतीन."

"डॉक्टरले काय समजते!"

तो हसला. पोरगं बापाचंच, त्याला सारं समजलं होतं. "बरं काका. मलेबी काही घाई नाही," म्हणाला. "अन् बाबाले सांगा, या टायमाले एक दिवस आधीच या. शुक्रवारी मुक्कामाले."

मी निरोप सांगितला. लांजेवारजी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत बसले, बराच वेळ. एक गिऱ्हाईक आलं, खर्रा घेऊन गेलं, तरी त्याची हिरडी पाहायला उठले नाहीत. ते मला बघवेना.

मी चुन्याचे हात धुतले, ठेल्यातून खाली उतरलो आणि त्यांच्याजवळ बाकड्यावर बसलो. स्वतःच्याच हाताने ओठ खाली ओढला. "घ्या. पाहून टाका एकदाचं."

ते पाहतच राहिले. मग चष्मा चढवला, माझी हनुवटी धरून उन्हाकडे वळवली आणि सरकारी आवाज परत आला. "बाप्पा बाप्पा! शालिक, पुरी बांधी कुजली गा तुई! रक्त येते ना?"

"येते."

"किती दिवसाचं?"

"लय दिवसाचं."

"रोज दाखवा लागन. रोज सकाळी, ठेला उघडाच्या आधी. सुट्टी नाही. अन् टाइम लागन, सांगून ठेवतो."

"लागू द्या. मलेबी घाई नाही," मी म्हणालो.

लांजेवारजी हसले. चांगले मोठ्याने, स्टँडवरच्या बाया वळून पाहतील असे. वरचे दात होते तिथेच होते, पुढे आलेले, दीड वर्षात जराही न हललेले. आणि हात तोंडावर न्यायचा ते साफ विसरले होते.