मॅनेजर ‘येतो’ म्हणाला

“रविवारपर्यंत मॅनेजर गेला म्हणून समजा. आणि आमच्या घरात कुणाला वाससुद्धा लागणार नाही,” असं लाँड्रीवाल्यांनी चहाच्या दुकानात छातीवर हात ठेवून सांगितलं, आणि वर कप असा आपटला की निम्मा चहा बशीत आला.

या वाक्याचा पहिला भाग कुणीही बोललं असतं. फुटबॉलचा क्लब एवढासा, मैदान एवढंसं, पण मॅनेजरला घालवा म्हणणारे त्या मैदानात मावत नव्हते. दुसरा भाग मात्र एकटे लाँड्रीवालेच बोलू शकत होते, कारण मॅनेजर हा त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ होता. बाहेर समर्थक संघटनेचे अध्यक्ष आणि घरात मॅनेजरच्या ताईचा नवरा, असे दोन दगडांवर पाय ठेवून त्यांनी अख्खा हंगाम काढला होता. सामन्यात ते सगळ्यांच्या वरताण ओरडायचे, आणि घरी आल्यावर घसा का बसला याचं दर वेळी नवं कारण शोधायचे.

त्यांची तक्रार खोटी होती असं नाही. क्लबच्या जर्सी त्यांच्याच लाँड्रीत यायच्या, त्यामुळे सामना न बघताही त्यांना सगळं कळायचं. गोलकीपरची जर्सी चिखलाने अशी माखलेली असायची की मूळ रंग आठवावा लागे. फॉरवर्डची जर्सी मात्र नुसती झटकून घडी घातली तरी चालण्यासारखी. एकदा तर तिची इस्त्रीही मोडली नव्हती. आणि ज्याने या सगळ्याचा बंदोबस्त करायचा तो मॅनेजर खिशात हात घालून रेषेबाहेर उभा राहायचा आणि गोल बसला की “बघू” म्हणायचा. काय बघू, ते त्याने कधी सांगितलं नाही. क्लब आता खालच्या गटात घसरायच्या बेतात होता, आणि घसरला असता तर लाँड्रीवाल्यांना चहाच्या दुकानात तोंड दाखवायची सोय उरली नसती.

तर बेत असा होता. मेहुणा जर्सी न्यायला लाँड्रीत येईल, तेव्हा त्याला गोडीगुलाबीने समजवायचं. राजीनामा हा शब्द तोंडातून काढायचा नाही. उद्या तो ताईकडे गेला आणि “भाऊजींनी मला घालवलं” म्हणाला, तर लाँड्रीवाल्यांना जेवण सोडा, पाणीही हाताने घ्यावं लागलं असतं.

मेहुणा आला. जर्सींचा गठ्ठा तपासू लागला. लाँड्रीवाल्यांनी इस्त्री उभी केली आणि सकाळपासून घोकलेलं वाक्य टाकलं.

“मी म्हणतो, माणसाने एकाच जागी फार दिवस राहू नये.”

मेहुण्याच्या हातातली जर्सी खाली पडली. “भाऊजी, तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? दिसतंय की.”

“ताईला कळलंय?”

“छे छे. तिला कशाला?”

“बरं झालं. तिला मी सांगेन, सावकाश,” मेहुणा म्हणाला आणि त्याने सुटकेचा श्वास सोडला. गेले काही दिवस आपल्याही मनात तेच घोळतंय, पण लोकांना तोंड कसं दाखवायचं ते कळत नव्हतं, असंही तो म्हणाला. रविवारी प्रॅक्टिसनंतर सगळ्यांना जमवा, तिथेच काय ते सांगतो.

लाँड्रीवाले थक्क झाले. एवढ्या समजूतदार माणसाला आपण वर्षभर मैदानावरून काय काय म्हणून घेतलं, याची त्यांना जराशी लाजही वाटली. मेहुण्याने गठ्ठा काखेत मारला, दारात थांबला आणि म्हणाला, “बरं भाऊजी, येतो मी.”

“ये,” लाँड्रीवाले म्हणाले.

बस. सगळा घोळ इथून सुरू झाला.

चहाच्या दुकानात त्यांनी ही बातमी सांगितली, तेव्हा आनंदाने कुणी उड्या मारल्या नाहीत. आधी चौकशी झाली. संघटनेतले सगळ्यात जुने सभासद म्हणजे पोस्टमनकाका. निवृत्त झाले तरी प्रत्येक गोष्ट योग्य पत्त्यावर पोहोचली का हे बघायची सवय गेलेली नव्हती.

“शब्द काय वापरला त्याने? नेमका शब्द सांगा.”

“‘येतो’ म्हणाला.”

“म्हणजे येणार?”

“अहो काका, ‘येतो’ म्हणाला म्हणजे गेला.”

“गेला असता तर ‘जातो’ म्हणाला असता.”

“‘जातो’ कुणी म्हणतं का? कसं दिसतं ते?”

यावर दुकानात दोन तट पडले. काकांनी जरा विचार करून बाजूच बदलली. त्यांचा जावई एकदा “येतो” म्हणून बाहेर पडला तो अजून फिरकला नाही, तेव्हा ‘येतो’चा अर्थ जाणे असाच धरावा. शिट्टीचं म्हणणं वेगळं. शिट्टी म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर. गळ्यात कायम शिट्टी, सामन्यात रेफ्रीपेक्षा जास्त वाजवणारा. तो म्हणाला, माझ्याकडे शिकायला येणारे “उद्या येतो” म्हणतात आणि खरंच येतात, मी कितीही देवाची प्रार्थना केली तरी. चहावाल्याने मध्येच विचारलं, की हे ‘येतो’ पैसे देऊन म्हटलेलं की न देता? कारण त्यावर पुष्कळ अवलंबून असतं.

शेवटी लाँड्रीवाल्यांनी टेबलावर हात मारून सांगितलं की त्या वेळी मी समोर होतो, चेहरा मी बघितला, तो जाणारा ‘येतो’ होता. आणि सभा त्यावर थांबली.

मग एक चमत्कारिक गोष्ट घडली. शिट्टी म्हणाला, “माणूस तसा वाईट नव्हता.” काका म्हणाले, मैदानाचा माळी आजारी होता तेव्हा चुन्याच्या रेषा यानेच मारल्या. वाकड्या मारल्या, पण मारल्या. कुणाला आठवलं, पावसात त्याने स्वतःचा रेनकोट बॉल आणून देणाऱ्या म्हाताऱ्याच्या अंगावर घातला होता. बघता बघता अशी वेळ आली की ज्यांनी आदल्या सामन्यात त्याचा उद्धार केला होता, तेच डोळे पुसायला लागले. आणि मग सगळे हळूहळू लाँड्रीवाल्यांकडे बघू लागले.

“सख्खा मेहुणा तुमचा,” काका म्हणाले. “तुमच्या हातून कसं झालं हो हे?”

काल जे लोक याच कामासाठी लाँड्रीवाल्यांची पाठ थोपटत होते, तेच आज त्यांना पातकी ठरवत होते. त्यांनी घाईघाईने जाहीर केलं, की रविवारी आपण त्याला साजेसा निरोप देऊ. क्लबच्या हॉलमध्ये कार्यक्रम, चार शब्द, एक भेटवस्तू. भेट काय द्यायची यावर वाद झाला नाही. जाणाऱ्या माणसाला सुटकेस द्यावी, हे सगळ्यांना एकदम पटलं.

इथवर ठीक होतं. पण शिट्टी उत्साहाचा धनी. तो मॅनेजरचा लहानपणीचा फोटो मागायला थेट लाँड्रीवाल्यांच्या घरी गेला, आणि दार उघडलं ताईने.

संध्याकाळी लाँड्रीवाले घरात शिरतात तो बायको कपाटापुढे उभी. पलंगावर ठेवणीतले कपडे पसरलेले.

“अहो, बाळ्याचा कार्यक्रम करताय आणि मला सांगितलंसुद्धा नाही?”

बाळ्या म्हणजे मॅनेजर. चाळिशी ओलांडली तरी ताईला तो बाळ्याच.

“सत्कार आहे,” लाँड्रीवाल्यांच्या तोंडून निघून गेलं. “तुला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता.”

“सत्कार? आणि लोक तर त्याला शिव्या घालतात म्हणे.”

“कोण म्हणतं?” लाँड्रीवाले म्हणाले, आणि बसलेला घसा साफ करायला आत गेले.

आता आली का पंचाईत. ताई समोर बसणार म्हटल्यावर निरोपाला निरोप म्हणता येईना. लाँड्रीवाले घरोघर फिरून वक्त्यांना बजावून आले. निरोप म्हणायचं नाही, राजीनामा म्हणायचं नाही, जाणार म्हणायचं नाही, हरलो हा शब्द तर मुळीच नाही. काकांनी विचारलं, मग बोलायचं काय? लाँड्रीवाले म्हणाले, नुसतं चांगलं बोला. काका म्हणाले, चांगलं सुचायला जरा वेळ लागेल.

रविवारी हॉल भरला. हॉल कसला, खेळाडूंची कपडे बदलायची खोली. बाकं सरकवून आणि मोजे उचलून तिचा हॉल केला होता. पहिल्या बाकावर ताई, डोळ्यांत पाणी आत्तापासूनच. समोर मेहुणा, खिशात हात. आपण लोकांना एक गोष्ट सांगायला आलो आणि इथे फुलं कशाला, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं.

काका उभे राहिले. चुन्याच्या रेषांबद्दल बोलले. असा माणूस क्लबला पुन्हा मिळणार नाही, एवढं बोलून त्यांनी चष्मा काढून पुसला. तो खरंच ओला झाला होता, यात नाटक नव्हतं. शिट्टीला शब्दच फुटेना, म्हणून त्याने एक लांब, दुःखी शिट्टी वाजवली आणि बसला. गोलकीपर उभा राहिला आणि म्हणाला, मी एवढा चिखलात लोळलो ते साहेबांसाठी. फॉरवर्डने माझी जर्सी स्वच्छ राहिली त्याबद्दल साहेबांचे आभार मानले. मग लाँड्रीवाल्यांनी नवी कोरी सुटकेस पुढे केली. “आमच्या शुभेच्छा कायम तुझ्या पाठीशी आहेत,” ते म्हणाले. हे वाक्य सत्काराला चालतं आणि निरोपालाही, म्हणून त्यांनी मुद्दाम निवडलं होतं.

मेहुण्याने सुटकेस घेतली. तिच्याकडे बघितलं. लोकांकडे बघितलं. आणि वर्षभरात पहिल्यांदा त्याने खिशातून दोन्ही हात बाहेर काढले.

“खरं सांगू?” तो म्हणाला. “मी आज क्लब सोडतो हे सांगायला आलो होतो. एका मोठ्या क्लबचा फोन होता. मी होसुद्धा म्हटलं होतं, राहती खोलीही सोडली. वाटायचं, इथे मी कुणालाच नको आहे. भाऊजींना सगळं आधीच कळलं होतं. त्यांनी हे सगळं करून मला दाखवून दिलं. आता मी कुठेही जात नाही. परगावच्या सामन्यांना ही सुटकेस घेऊन तुमच्याबरोबर येईन.”

हॉलमध्ये अशी शांतता पसरली की बाकाखाली राहिलेल्या मोज्याचा वाससुद्धा जाणवला.

काका लाँड्रीवाल्यांच्या कानाशी लागले. “म्हणजे आपण काहीच केलं नसतं, तर हा आपोआप गेला असता?”

तेवढ्यात ताई उठून टाळ्या वाजवू लागली. तिच्यामागून शिट्टीने वाजवल्या, मग गोलकीपरने, मग सगळ्यांनी. काकाही वाजवत होते, आणि आपण का वाजवतोय ते शेजाऱ्याला विचारत होते. लाँड्रीवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं की दुसऱ्या कशाचं, हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, पण आलं खरं. मेहुणा त्यांच्या गळ्यात पडला तेव्हा त्यांनी त्याला घट्ट धरलं, आणि क्षणभर त्यांना तो मनापासून आवडला.

कार्यक्रम संपला. बायको पुढे निघाली. लाँड्रीवाले दाराला कुलूप लावत होते, डोक्यात नुसता गोंधळ, काय घडलं आणि कुणाला काय सांगायचं याचा काही मेळ लागेना. मेहुणा सुटकेस हातात घेऊन जवळ आला.

“बरं भाऊजी, येतो मी.”

“ये, ये,” लाँड्रीवाले सवयीने म्हणाले. “निवांत ये.”

घरी येऊन त्यांनी बूट काढले, पंखा लावला, पाणी मागितलं. बायकोने ते हसत हातात आणून दिलं. एवढं एक तरी निभावलं, असं म्हणून ते आरामखुर्चीत टेकले, तोच दारावरची बेल वाजली.

दारात मेहुणा. एका हातात नवी सुटकेस, दुसऱ्या हातात उशी, काखेत डावपेच आखायचा फळा.

“खोली सोडली ना मी,” तो म्हणाला. “कुठे जाऊ विचार करत होतो. पण तुम्ही एवढ्या प्रेमाने ‘ये’ म्हणालात, म्हटलं आता परकं कशाला वागायचं?”

“अहो, दारात काय उभे राहिलात?” मागून बायको म्हणाली. “त्याची सुटकेस घ्या की आत.”

पुढचा सामना क्लब हरला. समर्थक पुन्हा पहिल्यासारखे ओरडू लागले, आता बरंच लाँड्रीवाल्यांच्या नावानेही. त्यांना मात्र ओरडता येत नाही, कारण आता सामन्याला शेजारी ताई बसते. जेवणाच्या टेबलावर मीठ, लोणचं आणि वाट्या मांडून मेहुणा बचाव कसा असावा ते समजावतो, आणि लाँड्रीवाल्यांना भाजी हवी असली तर डिफेंडर हलवून घ्यावी लागते.

पोस्टमनकाका अजून अधूनमधून विचारतात, त्या ‘येतो’चा अर्थ शेवटी काय निघाला. लाँड्रीवाले विषय बदलतात. मेहुणा रोज सकाळी प्रॅक्टिसला निघतो, दारातून हाक मारून “भाऊजी, येतो” म्हणतो, आणि रोज संध्याकाळी खरोखरच येतो.