सुमनकाकूंचे दोन कार्बोरेटर

आमच्या शेजारच्या सुमनकाकू कार्बोरेटर चिंचेच्या पाण्यात उकळतात. वरणाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, नाही, तेवढं तारतम्य त्यांना आहे. त्यासाठी त्यांनी एक जुनं गंज वेगळं काढलंय आणि चुकून त्यात कुणी चहा ठेवू नये म्हणून त्यावर लाल नेलपॉलिशनं फुली मारली आहे. मला ही फुली माहीत नव्हती. विरजण मागायला गेलो होतो. गॅसवर काहीतरी रटरटत होतं, चिंचेचा वास येत होता, म्हणून मी सहज झाकण उचलून म्हणालो, "काकू, आज सार का?"

"कार्बोरेटर होय तो," काकू म्हणाल्या. "झाकन ठेवा भाऊ. वाफ जाते."

मी झाकण ठेवलं. विरजण घेतलं. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, तुम्ही नीट ऐकलं नसेल.

मी नीट ऐकलं होतं. पिपरी मेघेतल्या आमच्या गल्लीत काकूंच्या यजमानांची, देवरावकाकांची, मोटारसायकल सगळ्यांना माहीत होती. साडेतीनशे सीसीची, दोन सिलिंडरची, म्हणून कार्बोरेटरही दोन. कंपनीनं ती बनवणं कधीच बंद केलं. काका समुद्रपूरला कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. कामाला याच गाडीवर जायचे आणि यायचे. तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. काकूंना तर फडकंही मारू देत नसत. "तुले नाई समजत त्यातलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काकू मागच्या सीटवर एका बाजूनं बसायच्या आणि उतरायच्या, इतकाच त्यांचा गाडीशी संबंध. पुढे काका रिटायर झाले, सुटे भाग मिळेनासे झाले, आणि गाडी अंगणात ताडपत्रीखाली गेली.

मग दोन वर्षांपूर्वी काकांना लकव्याचा झटका आला. उजवा हात-पाय गेला आणि वाचा गेली. हात-पाय थोडेफार परतले. काठी धरून व्हरांड्यातल्या खुर्चीपर्यंत येऊ लागले. वाचा परतली नाही. सगळं समजायचं, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. हळूहळू त्यांनी प्रयत्नच सोडला. मान हलवायची, नाहीतर हलवायची नाही. सुरुवातीला गल्लीतले लोक येऊन बसायचे. पण उत्तर न देणाऱ्या माणसाशी किती वेळ बोलणार? येणारे कमी झाले. मीसुद्धा फाटकातून हात करायचो आणि पुढे जायचो. ते मला आज सांगताना बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

पुण्याची त्यांची मुलगी वर्षा फोनवर म्हणाली, "आई, ती गाडी भंगारात दे. अंगण तरी मोकळं होईल."

काकू म्हणाल्या, "गाडी इकाची नाई. सुरू कराची हाय."

आणि संक्रांतीनंतर एका सकाळी त्यांनी ताडपत्री ओढली, नऊवारीचा काचा मारावा तसा पाचवारीचा पदर कमरेला खोचला आणि व्हरांड्यात, काकांच्या खुर्चीसमोर, वर्तमानपत्र अंथरून बसल्या. मी एका मेकॅनिकला बोलावून दाखवलं होतं. इंजिन ठीक आहे, तो म्हणाला, स्पार्कही येतो, पण दोन्ही कार्बोरेटर गेले. आतलं पेट्रोल वाळून त्याचा डिंक झालाय. जुने काढून फेका, एक नवा बसवून देतो, दोन्हीकडे पाइप काढून देतो.

"एकच?" काकूंनी विचारलं.

"एकावर चालते ना काकू."

"कंपनीनं दोन देल्ले ते काय शोभेले देल्ले?" म्हणून त्यांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

त्यानंतर त्यांचा स्वयंपाकघरातला सगळा अनुभव त्या कार्बोरेटरांवर बरसला. आतले जेट, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकाच्या पितळी नळ्या, हिरवे पडले होते. "पितळ चिंचीनं निघते," म्हणून चिंच. स्क्रू जाम झाले, तर त्यांना रात्रभर एरंडेल. धुतलेले भाग गच्चीवर खाटेवर, पातळाच्या तुकड्यावर, मूगवड्यांच्या शेजारी वाळत. एकदा त्यातला एक जेट मूगवड्यांत गेला. मी म्हणालो, आता झालं. काकू म्हणाल्या, "जाते कुठं?" हा त्यांचा शब्द. स्क्रू गडगडत नालीत गेला, तरी जाते कुठं. दुकानदार म्हणाला माल येत नाही, तरी जाते कुठं. त्या दिवशी त्यांनी दोन परातभर मूगवड्या एकेक करून बोटांनी चाचपल्या आणि जेट काढला.

मी मोबाइलवर शोधून गाडीचं जुनं इंग्रजी पुस्तक काढलं आणि त्यातली कार्बोरेटरची पानं छापून आणून दिली. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. त्या चित्रं बघायच्या. चित्राशेजारी पेन्सिलीनं लिहायच्या: 'वाटी', 'सुई', 'बुच'. पेट्रोल साठतं ती वाटी. वरखाली होऊन पेट्रोल कमीजास्त सोडते ती सुई. वाटीत तरंगणारा फ्लोट, ते बुच.

उजव्या बाजूचं बुच बुडतं, हे त्यांनीच शोधलं. गरम पाण्यात धरलं, तर एका चिरेतून बुडबुडे आले. तसंच जुनं बुच कारंज्याला, हायवेवरच्या एका मेस्त्रीकडे मिळेल असं कळलं. रविवार होता, मी सोबत गेलो. काकूंनी अख्खा कार्बोरेटर स्टीलच्या डब्यात घालून मांडीवर घेतला होता. एसटीत वास पसरला. कंडक्टर येऊन म्हणाला, "मावशी, डब्यात का हाय?"

"कार्बोरेटर."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"पेट्रोल नाई हाय त्यात," काकू म्हणाल्या. "धुवून आनला. पाहता का?" आणि झाकण उघडू लागल्या. कंडक्टरनं दोन तिकिटं फाडली आणि पुढे सरकला.

मेस्त्री म्हणाला, तसं बुच नाही. काकू त्याच्या स्टुलावर बसल्या. ट्रक येत होते, जात होते, समोरच्या ढाब्यावर लोक जेवून उठत होते. तीन तास त्या हलल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. शेवटी तो स्वतःच उठला, मागच्या ढिगात वाकला आणि एका मोडक्या गाडीतून बुच काढून आणलं. "घ्या बाई," तो म्हणाला, "तुमी काई जात नाई."

आता सगळे भाग जमले होते. जोडायचंच बाकी होतं. आणि इथे काकूंचं गाडं अडलं.

त्या रोज दुपारी जोडायच्या आणि रोज काहीतरी चुकायचं. एक दिवस फ्लोट उलटा बसवला, वाटीतून पेट्रोल ओघळून व्हरांडाभर झालं. एक दिवस आत सरकणाऱ्या झडपेची कापलेली बाजू मागे करायची ती पुढे केली. एक दिवस डाव्याचं झाकण उजव्याला. सुईला पाच खाचा असतात, क्लिप मधल्या खाचेत लागते, एवढं तर मलाही पाठ झालं होतं. काकू कधी वरच्या खाचेत लावायच्या, कधी खालच्या. चैत्र गेला, वैशाख गेला. मी दोनदा म्हणालो, काकू, एका तासासाठी मेकॅनिकला बोलावू. "नोको," त्या म्हणाल्या. "माहं मीच करतो." मला राग आला होता. मूगवड्यांतून जेट काढणाऱ्या बाईला पाच खाचांतली मधली सापडत नाही? मी मनात म्हटलं, म्हातारपणी माणूस हट्टानं आंधळा होतो.

त्याच दिवसांत काकांची तब्येत मात्र सुधारत होती. खुर्चीतून त्यांचा आवाज यायला लागला होता. एक-एकच शब्द. "उलटं." कधी, "माघं कर." मी म्हणायचो, व्यायामाचा गुण दिसतोय.

जूनच्या सुरुवातीला, मी शिकवतो त्या शाळेला सुट्टी होती तेव्हाची गोष्ट. दुपारी तीनच्या सुमारास मी वर्तमानपत्र परत द्यायला गेलो. काका खुर्चीत डोळा लागून बसले होते. काकू खाली, त्यांच्या पायाशी. मी फाटकातच थांबलो, कारण त्यांचे हात चालले होते.

असे हात मी त्यांचे गाडीवर कधी पाहिले नव्हते. जेट, वाटी, बुच, सुई. एकदाही पुस्तकाकडे पाहिलं नाही. क्लिप मधल्या खाचेत टिचकन बसली. दहा-बारा मिनिटांत दोन्ही कार्बोरेटर जोडून त्यांनी शेजारी-शेजारी ठेवले, दोन्हींच्या झडपा बोटानं उघडून पाहिल्या, बरोबर एकाच वेळी उघडत होत्या. मग त्यांनी काकांकडे पाहिलं. डावा कार्बोरेटर पुन्हा खोलला, सुई बाहेर काढली आणि क्लिप सर्वांत वरच्या खाचेत सरकवली.

तेवढ्यात त्यांना मी दिसलो. त्या उठून फाटकाशी आल्या.

"सांगजा नोको त्याईले," त्या हळू म्हणाल्या.

"पण काकू, का?"

"पयल्या दिवशी मी शिवाच्या सुईनं जेटचं भोक कोरत होतो. खरंच माहीत नव्हतं मले. भोक मोठं होते म्हने त्यानं. तं हे खुर्चीतून वरडले, नाई म्हनून. दीड वर्षात एक शब्द नव्हता भाऊ. डॉक्टरनं वस्तू दाखवून बोलवाले सांगतलं होतं. मी कप दाखवला, चम्मच दाखवला, फोटो दाखवले पोरीचे. पाह्यत राह्यले नुसते." त्यांनी पदरानं बोटं पुसली. "बरोबर बसवलं तं मान हलवते अन् चुप राह्यते. चुकलं तं बोलते. मंग काय करू?"

मी वर्तमानपत्र त्यांच्या हातात दिलं.

मागे खुर्ची करकरली. काका जागे झाले होते. काकू जाऊन जागेवर बसल्या आणि डावा कार्बोरेटर त्यांच्यासमोर धरला. "पाहा जी. झालं का आता?"

काकांनी डाव्या हातानं तो घेतला. सुई पाहिली, काकूंकडे पाहिलं. ओठ हलत होते, शब्द जुळत नव्हते, पुन्हा हलत होते.

"तू," ते म्हणाले. मग थांबले. "तू मुद्दाम करून राह्यली."



"तुले येते," काका म्हणाले. "चांगलं येते तुले."

काकूंनी मान खाली घातली आणि वर्तमानपत्रावरचा स्क्रू-ड्रायव्हर उगाच या टोकाचा त्या टोकाला ठेवला. मग काकांनी कार्बोरेटर परत दिला. "बसव," ते म्हणाले. "सुरू कर."

काकूंनी क्लिप मधल्या खाचेत लावली. दोन्ही कार्बोरेटर इंजिनाला बसवले, केबल जोडल्या, बाटलीतून पेट्रोल घातलं. किक मारायचं काम माझं. पहिल्या सात-आठ किकांना काहीच झालं नाही. मी घामाघूम झालो. काका म्हणाले, "चोक." काकूंनी चोक ओढला. पुढच्या किकला गाडी खोकली, त्याच्या पुढच्या किकला दोन्ही सिलिंडर एकदम लागले.

काय आवाज तो. व्हरांडाभर निळा धूर झाला, खिडकीची काच थरथरली, गल्लीतले लोक घराबाहेर आले. एवढ्या महिन्यांची चिंच आणि एरंडेल, कारंज्याचं बुच, सगळं त्या आवाजात होतं. मी काकूंकडे पाहिलं. मला वाटलं त्या हसत असतील.

त्या काकांकडे पाहत होत्या. काका खुर्चीत पुढे वाकले होते आणि बोलत होते. एक शब्द नव्हे, दोन नव्हे, तोंड थांबत नव्हतं. हात गाडीकडे करून, मग रस्त्याकडे करून, काहीतरी लांबलचक सांगत होते, आणि त्या आवाजात त्यातलं एक अक्षर आम्हाला ऐकू येत नव्हतं.

गाडी सुरू होऊन अर्धं मिनिट झालं असेल. काकूंनी हात लांब करून चावी फिरवली आणि ती बंद केली. धुरातून चार पावलं गेल्या, खुर्चीजवळ खालीच बसल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "आता सांगा."